‘कोणाकडे जायचंय?’ – जुन्या जागी गेल्यावर तुम्ही काय करता?

तिसरी पायरी:

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे. आज लिहायला बसले, कारण एक गोष्ट डोक्यातून जातच नाहीये.

गेल्या महिन्यात एका कामासाठी आमच्या जुन्या घराच्या बाजूला जाणं झालं. काम अर्ध्या तासात उरकलं आणि परतीच्या गाडीला दोन तास होते. म्हटलं, बघून येऊ. २९ वर्षांनी.

घर दुमजली. खाली मालक, वर आम्ही. वर जायला बाहेरून लाकडी जिना, १९ पायऱ्यांचा. त्यातली खालून तिसरी वाजायची. नुसती करकर नव्हे, आधी एक बारीक ‘टक्’ आणि मग लांबलेला ‘कर्रर्र’. कोण आलंय ते आई आत बसल्या बसल्या त्यावरून सांगायची. बाबा पायरीवर पूर्ण भार द्यायचे, दादा ती गाळून उडी मारायचा, आणि मी उशिरा आले असले की अगदी भिंतीकडेला पाय ठेवायचे, म्हणजे फक्त ‘टक्’ व्हायचं. आईला तेवढंही पुरायचं. कठड्याला एका जागी लाकडाची गाठ होती, सगळ्यांचे हात लागून लागून गुळगुळीत झालेली. दिवे गेले की तीच खूण. गाठ हाताला लागली की वळायचं.

आता तिथे सात मजले आहेत. खाली पार्किंग, पुढे फाटक, फाटकाशी केबिन आणि केबिनमध्ये एक तरुण पोरगा. मी वर बघत उभी राहिलेली पाहून त्याने विचारलं, ‘कोणाकडे जायचंय?’

म्हटलं, ‘कोणाकडे नाही.’

‘मग?’

या ‘मग?’ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ‘मी इथे राहायचे’ म्हणणार होते, पण इथे म्हणजे कुठे? जिन्याच्या जागी गाड्यांचा उतार आहे. आमची झोपायची खोली होती ती आता कुणाच्या तरी हॉलच्या मधोमधची हवा असेल. फोन आल्याचं नाटक केलं आणि सटकले.

फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेचं झाड तेवढं आहे. नऊ वर्षांची असताना त्यात मी दप्तर अडकवायला खिळा ठोकला होता, चवड्यांवर उभं राहिलं की हात पुरेल इतका वर. आता झाड वाढून तो पार दुसऱ्या मजल्यापर्यंत गेला असेल. पण त्या पोराच्या देखत झाडाच्या बुंध्याशी घुटमळायची लाज वाटली.

परतताना गाडीत राग आला. कुणाचा ते कळेना. घर आम्हीच सोडलं, मी १७ वर्षांची असताना. शिवाय ते भाड्याचं होतं, म्हणजे तक्रार करायलाही जागा नाही.

तर विचारायचं असं, की तुम्ही अशा ठिकाणी परत जाता का? गेलात तर नेमकं काय बघता? तोंड न पाडता बघायची काही रीत असते का? ‘बदल हा सृष्टीचा नियम आहे’ असं लिहिणाऱ्यांना आधीच नमस्कार, ते मला ठाऊक आहे आणि त्याचा उपयोग झालेला नाही.


उगाच:

जाऊ नये. विषय संपला.

मी गेलो होतो शाळेत. माझा बाक तसाच होता, म्हणून हौसेने बसलो. गुडघे अडकले. शिपायाने बाक मागून ओढला तेव्हा सुटलो. वर तो म्हणाला, ‘वर्षाला दोघं-तिघं अडकतात.’


अकारविल्हे:

तिसरी पायरी, तुमच्या रागाला नाव आहे, पण आपण मराठीत ते जरा गोडच ठेवलंय. स्मरणरंजन! रंजन म्हटलं की आरामखुर्ची आली. मूळ ‘नॉस्टॅल्जिया’त रंजन औषधालाही नाही. योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ साली बाझल विद्यापीठात दिलेल्या प्रबंधात हा शब्द घडवला. ग्रीक ‘नोस्तोस’ म्हणजे घरी परतणं आणि ‘अल्गोस’ म्हणजे वेदना. मुलखापासून लांब राहणाऱ्या स्विस लोकांना जडणारा हा आजार आहे, असं त्याचं म्हणणं. खरा उतारा एकच, रोग्याला घरी पाठवा. घर जागेवर असेल, हे होफरने गृहीतच धरलं होतं. तुम्ही उतारा घ्यायला गेलात आणि दवाखानाच पाडलेला!

दुसरा शब्द बराच अलीकडचा. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये हंटर खोरं आहे, तिथे कोळशाच्या उघड्या खाणी वाढत गेल्या. माणसं आपापल्या घरातच होती, खिडकीबाहेरचा मुलूख मात्र ओळखू येईना. त्यांची अवस्था सांगायला ग्लेन अल्ब्रेक्ट या तत्त्वज्ञाने २००३ साली ‘सोलॅस्टॅल्जिया’ हा शब्द काढला. घरात बसूनच घरची आठवण येणं, असं समजा. मराठीत यासाठी नेमका शब्द मला सापडलेला नाही. हुरहुर जवळची आहे, पण ती कशाचीही असते.

आणखी एक, जरा बोचणारं. चाळिशी ओलांडलेल्यांना आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या, की साधारण १० ते ३० या वयातल्या प्रमाणाबाहेर निघतात. हे पुष्कळ अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. म्हणजे जिना खास होता की तेव्हाचं वय, हे वेगळं काढायची सोयच नाही. तिसऱ्या पायरीवर आज कुणी पाय दिला तर ती बहुधा नुसतीच करकरेल.


इथलाच:

मी उलट बाजूचा माणूस. मी कुठे गेलोच नाही. जन्मल्यापासून एकच पत्ता. मधली अडीच वर्षं बांधकाम चालू होतं म्हणून दुसरीकडे काढली, मग पुन्हा तिथेच, फक्त चौथ्या मजल्यावर. खाली कुणीतरी मान वर करून उभं असतं ते मला गॅलरीतून दिसतं. वर्षातून एखाद-दुसरं येतंच. चेहरा सगळ्यांचा सारखा.

ताई, राग मानू नका, पण जिन्याबद्दल वाचलं आणि राहवलं नाही. आमचाही लाकडीच होता, २२ पायऱ्यांचा, मध्ये काटकोनात वळण. शेवटची तीन वर्षं आईला दवाखान्यात न्यायचं म्हणजे तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवायचं, एकाने पाठ धरायची, एकाने पुढचे पाय. वळणावर खुर्ची जवळजवळ उभी करावी लागे. आई तेवढ्यापुरते डोळे मिटून घ्यायची. बोलायची काही नाही, पण माझं मनगट इतकं घट्ट धरायची की वळ उठायचे. नव्या इमारतीत राहायला आलो त्या दिवशी ती लिफ्टमध्ये एकटी गेली. स्वतः बटण दाबून खाली, परत वर, परत खाली. चार फेऱ्या, काही काम नसताना. त्या लाकडी जिन्यासाठी मी एक उसासा टाकलेला नाही.

माझं गेलं ते निराळंच. समोरच्या घराला एक मोठी काच होती. संध्याकाळी सव्वापाच-साडेपाचला ऊन तिच्यावर पडायचं आणि परतून आमच्या आतल्या भिंतीवर यायचं. वहीएवढा तुकडा. वीसेक मिनिटं सरकत सरकत दाराच्या चौकटीपर्यंत जायचा आणि विझायचा. आमचं घर पडायच्या पाच वर्षं आधीच समोरचं पडलं आणि तो तुकडा बंद झाला. तुमच्यासारखी मंडळी येऊन म्हणतात, ‘अरेरे, केवढं बदललं.’ पण त्यांना घर गेलेलं दिसतं, तुकडा गेलेला दिसत नाही. त्यासाठी रोज तिथे असावं लागतं.

आणि त्या पोराला सरळ सांगायचं होतंत, ‘मी इथे राहायचे.’ आमच्याकडचा वॉचमन लगेच खुर्ची देतो. दिवसभर बोलायला कुणी नसतं त्याला.


तिसरी पायरी:

इथलाच, खुर्चीचं वाचून थांबले. दुसऱ्या दिवशी ते बाबांना वाचून दाखवलं. बाबा ७८ वर्षांचे आहेत, हल्ली माझ्याकडेच असतात. त्यांनी पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, ‘पायऱ्या १७ होत्या.’

म्हटलं, १९. मी रोज मोजायचे. ते म्हणाले, ‘मी सामान वाहिलंय. १७.’ मग जरा वेळाने, चष्मा पुसत: ‘दादाच्या वेळी शेवटचे दोन महिने तुझी आई खाली उतरलीच नव्हती. त्या जिन्यापायी.’

हे मला ४६ व्या वर्षी कळतंय. आईने कधी सांगितलं नाही, आणि आता तिला विचारताही येत नाही.

अल्बम काढले. जिना कुठेच धड नाही. सगळीकडे माणसं, आणि जागा कुणाच्या तरी कोपरामागे. एकाच फोटोत बऱ्यापैकी दिसतो: दादा जिन्यापुढे सायकल धरून उभा, मागे पायऱ्या, पण मधल्या त्याच्या अंगाने झाकल्यात. वरच्या सहा आणि खालच्या चार मोजता येतात, वाद मिटत नाही. फोटो आईने काढलाय. खालच्या कडेला तिची सावली आलीय.


उगाच:

१८ लिहा आणि मिटवा.


भिंगवाला:

हा धागा मला हवाच होता. आधी दुरुस्ती: खिळा वर गेलेला नाही. झाड उंच होतं ते शेंड्याकडून, फांद्यांच्या टोकाशी. बुंधा वर सरकत नाही, फक्त जाड होत जातो. नवव्या वर्षी चवडे उंचावून हात जिथे पुरला, तिथेच तो आजही असणार, म्हणजे तुमच्या नाकासमोर, फार तर कपाळाशी. दिसेलच असं नाही, ३७ वर्षांत सालीने गिळला असेल. साल वाकून आत वळलेली जागा शोधा.

आता फोटो. तोंड न पाडता बघायची रीत विचारली होतीत, माझ्याकडे एकच आहे: हाताला काम द्या. जुना फोटो घेऊन जा आणि त्याच जागेवरून तोच परत काढा. हे काही माझं खूळ नाही. सेबास्टियन फिन्स्टरवाल्डर नावाच्या जर्मन गणितज्ञाने आल्प्समधल्या हिमनद्यांसाठी १८८० च्या दशकाच्या अखेरीला हे सुरू केलं. हिमनदी किती आटली ते नुसतं बघून कळत नाही, दोन फोटो एकाच बिंदूवरून काढलेले असले तर मोजता येतं. पुढे १९७७ ते १९७९ मध्ये छायाचित्रकार मार्क क्लेट आणि मंडळींनी अमेरिकेच्या पश्चिमेकडे एकोणिसाव्या शतकातल्या सर्वेक्षणांच्या शंभराहून जास्त फोटोंच्या जागा हुडकून पुन्हा फोटो घेतले. काही ठिकाणी खाण-वस्त्याच्या वस्त्या गेल्या होत्या, आणि काही ठिकाणी शंभर वर्षांत धोंडासुद्धा हलला नव्हता.

जागा शोधायची ती अशी. फोटोत एक जवळची आणि एक लांबची वस्तू बघा, जिथे त्यांच्या कडा एकमेकींना चिकटलेल्या दिसतात. उदाहरणार्थ, बुंध्याची डावी कड आणि मागच्या भिंतीचा कोपरा. प्रत्यक्षात तिथे जाऊन डावीउजवीकडे सरका. चुकीच्या जागी त्यांच्यामध्ये फट दिसेल नाहीतर एक दुसरीला झाकेल. फट मिटली की तुम्ही योग्य रेषेवर आलात. पण त्या रेषेवर पुढे की मागे, हे अजून ठरायचंय. त्यासाठी फोटोच्या दुसऱ्या टोकाची आणखी एक जोडी घ्या. दोन्ही रेषा जिथे छेदतात, तिथे कॅमेरा होता. उंचीही बघा. त्या काळचे काही कॅमेरे पोटाशी धरून वरून बघायचे असत.

इमारत गेली म्हणून अडत नाही. झाड आहे, रस्त्यापलीकडचं काहीतरी असेलच.

फोन वापरणार असाल तर साध्या चौकटीत काढू नका. फोनचं मुख्य भिंग रुंद कोनाचं असतं, सगळं लांब पळाल्यासारखं दिसतं. दुप्पट झूमवर ठेवलंत की जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या नेहमीच्या ५० मिलिमीटर भिंगाच्या जवळपास येतं. अर्धं ‘सगळं किती बारीक झालंय’ हे भिंगाचंच पाप असतं (उरलेलं आपल्या उंचीचं).

वेळ: सावलीवरून ठरवा. फोटोच्या मागे तारीख आहे का? महिना हुकला तर वर्षभर थांबायला नको. २१ जूनच्या जितके दिवस आधी फोटो काढला असेल, तितकेच दिवस नंतर सूर्य जवळपास त्याच वाटेने जातो. २० एप्रिलचा फोटो २२ ऑगस्टला जुळतो, घड्याळात चारेक मिनिटं इकडेतिकडे.

तुमच्या आईची सावली फोटोत आहे म्हणजे तुमचं काम सोपं आहे. फोटो काढणाऱ्याची सावली चौकटीत येऊ देऊ नये असं आम्ही नवशिक्यांना शिकवतो, पण जागा शोधताना तिच्यासारखी खूण नाही.

जाता जाता: नकाशातली रस्त्यावरची दृश्यं बघा. गूगलने ती २००७ मध्ये सुरू केली आणि २०१४ पासून त्याच जागेची जुनी दृश्यंही उघडता येतात. काही ठिकाणी इमारत पाडण्याआधीची गाडी जाऊन गेलेली असते. उपग्रहाच्या चित्रांच्या नादी मात्र लागू नका. लँडसॅट या अमेरिकी मालिकेतला पहिला उपग्रह १९७२ चा, साठा मोठा आणि २००८ पासून फुकट, पण त्यात १९८० च्या दशकापासूनसुद्धा एक ठिपका ३० मीटरचा. तुमचं घर, जिना, अंगण, झाड आणि मालक मिळून एक ठिपका.


इथलाच:

भिंगवाला, मग माझ्या उन्हाच्या तुकड्याचं काय?


भिंगवाला:

त्याचा फोटो नसेल तर काही नाही. आज भिंतीवर जे काही येतं त्याचा काढून ठेवा.


इथलाच:

आज काही येत नाही. स्वयंपाकघरात सकाळी येतं, पण ते सरळ येतं. त्यात मजा नाही.


तिसरी पायरी:

उशीर झाला कळवायला. फोटोच्या मागे पेन्सिलने ‘एप्रिल’ एवढंच होतं, तारीख नाही. म्हणून भिंगवाल्यांच्या हिशेबाने ऑगस्टचा तिसरा आठवडा धरला. बाबा म्हणाले, मीही येतो. मला वाटलं होतं त्यांना त्रास होईल. त्रास झाला तो गाडीतल्या एसीचा.

फाटकाशी तोच पोरगा. ‘कोणाकडे जायचंय?’ मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात बाबा म्हणाले, ‘झाडाकडे.’ त्याने एकदा झाडाकडे आणि एकदा बाबांच्या काठीकडे बघितलं आणि खरंच आतून खुर्ची आणली.

पहिली जोडी झाडाच्या बुंध्याची आणि रस्त्यापलीकडच्या भिंतीच्या कोपऱ्याची. बुंधा जाड झालाय म्हणून उजवी कड सोडून मधली रेषा धरली. दुसऱ्या जोडीला काही मिळेना. खांब बदललेले, मागची घरं गेलेली. शेवटी बाबांनी एक जुनी दगडी चौथऱ्याची कड दाखवली, भिंतीखाली इतभर उघडी. ती फोटोत आहे, मला ती कधी दिसली नव्हती. अर्धा तास मी खेकड्यासारखी सरकत होते. दोन गाड्यांनी हॉर्न वाजवले.

जागा सापडली ती फाटकाच्या आत नव्हती. बाहेर, रस्त्याच्या डाव्या अंगाला होती. आई रस्त्यात उभी राहून फोटो काढत होती. जिना, सायकल, दादा सगळं एका चौकटीत मावावं म्हणून मागे मागे गेली असणार. म्हणजे तिथे उभं राहायला मला कुणाची परवानगी लागणार नव्हती, गेल्या वेळीही लागली नसती.

सावली जुळली नाही. बाबांचं आवरून निघेपर्यंत उशीर झाला होता, ऊन वर आलेलं. माझी सावली तिच्यापेक्षा हातभर आखूड पडली. तरी काढला. समोर उतार आहे, त्यावर एक पांढरी गाडी आणि दादाच्या जागी एक लहान मुलगी, स्कूटर घेऊन. ती आपणहून येऊन उभी राहिली, मी हलायला सांगितलं नाही. मागाहून तिच्या आईला विचारून फोटो ठेवलाय.

जिन्याचा निकाल लागला नाही. जुन्या दृश्यांत आमच्या रस्त्याची पहिली फेरी इमारत झाल्यानंतरचीच आहे.

खिळ्याचं सांगते. भिंगवाल्यांचं खरं निघालं. माझ्या हनुवटीच्या जरा वर, सालीत एक घडी पडलीय, बेंबीसारखी आत ओढलेली. बोट घातलं तर पहिल्या पेरापर्यंत जातं, लोखंड लागत नाही. मी बाबांना हाक मारली. ते खुर्चीतून उठले, काठी टेकत आले, घडी नीट बघितली आणि म्हणाले, ‘हा नव्हे. तू पलीकडच्या बाजूने ठोकला होतास, रस्त्याकडून.’

पलीकडे जाऊन बघितलं. तिथेही एक आहे.